अंबाडीची आणि राळेची होडी

एका जंगलात दोन कारागीर राहत होते, बाळांनो, आणि त्यांचं एकमेकांशी मुळीच पटत नसे. दगडोबा अस्वल झाडांची राळ वितळवून भांडी ओतायचा. येसाक्का खार अंबाडीच्या धाग्यांचं कापड विणायची.

एकदा वर डोंगरात पाऊस झाला आणि नदीला पूर आला. हरणीचं पाडस मधल्या बेटावर अडकलं. पाणी चढत होतं.

"कुणीतरी होडी करा हो!" हरणी रडत म्हणाली.

दगडोबाने राळेची होडी ओतली. चकचकीत, कडक. माकड तिच्यात बसून निघालं. पहिल्याच खडकावर ती पापडासारखी मोडली आणि माकड पोहत परत आलं.

"आता माझी बघा," येसाक्का म्हणाली. तिने काठ्यांवर कापड ताणलं. ही होडी मोडली नाही. नुसतं पाणी प्यायली आणि काठाशीच बसली.

येसाक्का हट्टी. तिने लगेच दुहेरी कापडाची दुसरी होडी ताणली.

"अगं, चाळणीवर चाळण ठेवून पाणी थांबतं का?" दगडोबा हसला.

"फुटक्या बांगडीने बोलू नये!"

दगडोबाचं डोकं फिरलं. त्याने वितळलेल्या राळेची अख्खी कढई त्या होडीवर ओतली. येसाक्का टुणकन उडाली म्हणून वाचली.

राळ कापडात मुरली, थंड झाली, घट्ट बसली. गव्याने लाथ मारून पाहिली. होडी वाकली, पण मोडली नाही. ताण धागे सोसत होते आणि धाग्यांना राळ धरून होती.

इतक्यात राजाचे तपासनीस करकोचेसाहेब आले. "आधी ओढून बघा, वाकवून बघा, आपटून बघा. अहवालाशिवाय होडी सुटणार नाही."

"साहेब, माझं लेकरू बुडतंय!"

"मग अहवाल तातडीचा मागवू."

हरणी होडीत चढलीसुद्धा. माकडाने वल्हं घेतलं. होडी खडकावर आपटली, करकरली, तिला एक पोचा आला. पण पाडस घेऊनच ती परतली. हरणी त्याला चाटत सुटली ती थांबेचना.

राजाने दोघा कारागिरांचा एकत्र सत्कार केला. दोघं पाठीला पाठ लावून बसले. अजूनही बोलत नाहीत. दगडोबा राळ ठेवून जातो, मग येसाक्का कापड टाकून जाते, आणि गवा होड्या बनवतो. होड्या उत्तम चालतात.

तात्पर्य: एकीचं बळ मोठं. ती सामानात असली की पुरे, कारागिरांनी उगाच त्रास घेऊ नये.