कापूस लागलेला साग

राखणदार धावजी राठोड याने हुकुमाप्रमाणे अकरा जिवंत झाडं मुळासकट उपटली, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं. आणि असं काही घडलेलंच नाही, हेही लगोलग स्पष्ट केलेलं बरं. कारण त्या टेकडीवरची ती अकरा झाडं जिवंत होती असा उल्लेख कुठल्याही कागदावर नाही, आणि जे नव्हतं ते उपटता येत नाही.

झरी जामणी तालुक्यातल्या एका उजाड टेकडीवर जुलैत सागाची अडीच हजार रोपं लावली गेली. लावायला थेट यवतमाळहून माणसं आली होती. प्रत्येकाने एकेक रोप हातात धरून फोटो काढला. ज्यांचा नीट आला नाही, त्यांनी तेच रोप उपसून पुन्हा लावलं. मग जेवणं झाली, गाड्या गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग पाऊसही गेला. रोपांनी माना टाकल्या. पोळ्यापर्यंत टेकडीवर फक्त खड्डे शिल्लक होते. खड्ड्यांचं जगण्याचं प्रमाण मात्र शंभर टक्के होतं.

नाल्याच्या अंगाची अकरा रोपं तेवढी वाचली. धावजी रोज सायकलला दोन कॅन लटकवून त्यांना पाणी घालायचा. हे नियमाला धरून नव्हतं. राखणदाराने राखायचं असतं. पाण्याची तरतूद वेगळी असते, आणि ती यायची होती.

"घरचा वाल मांडवावर वाळून राह्यला, अन् तुमी सरकारच्या लेकरायले आंघोळी घालून राह्यले," त्याची बायको हंसाबाई म्हणायची.

"सरकारचे होते ते मेले. हे अकरा माये हायेत."

फेब्रुवारीत पत्र आलं. जगलेली झाडं मोजायला आठ दिवसांनी समिती येणार होती. वनरक्षक इंद्रजित टेकडीवर आला आणि एका खड्ड्याच्या काठावर, स्वतःचाच असल्यासारखा, बसून राहिला.

हे बोंडअळीचं साल होतं. अळीने कापूस आतून खाल्ला होता आणि शेतकऱ्यांनी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून शेताच्या धुऱ्याधुऱ्यावर ढीग लावले होते. पऱ्हाट्या शेतात ठेवू नका, असा दुसऱ्या एका खात्याचा हुकूम होता. त्यांचं करायचं काय, हे त्या हुकुमात नव्हतं.

"धावजीभाऊ, साग या दिवसांत कसा दिसते?"

"पान गळते. नुसती काडी."

"अन् पऱ्हाटी?"

धावजीने टेकडीखाली पाहिलं. "तेही काडीच. पन साहेब..."

"पन-बिन काही नाही. बैलबंड्या सांग."

अशा रीतीने दोन खात्यांचे प्रश्न एकाच दिवशी सुटले. बारा बैलबंड्या पऱ्हाटी टेकडीवर चढली. ज्या बायांनी ती शेतातून उपटली होती, त्यांनीच तिच्या फांद्या छाटून ती खड्ड्यांत उभी केली.

"जल्मभर पऱ्हाटी चुलीत घातली," हंसाबाई माती दाबत म्हणाली. "वाळल्यावर लावाची असते, हे शिकाचंच राह्यलं होतं."

समितीत तिघं होते. अध्यक्षांच्या डोक्यावर उन्हाची टोपी होती आणि हातात छापील तक्ता. रांगेमागून रांग पसंत पडत गेली. मग ते एका काडीपाशी थांबले. तिच्या शेंड्याला वेचायचा राहिलेला कापूस लोंबत होता.

"हे पांढरं काय?"

इंद्रजित त्या काडीच्या आड सरकू लागला. पण समितीतले दुसरे सदस्य अभ्यासू होते. "फुलोरा असावा सर. सागाचं फूल पांढरंच असतं."

"आठ महिन्यांत?"

"जमीन चांगली हाये साहेब," इंद्रजित म्हणाला.

अध्यक्षांनी टोपी काढली. तक्त्यात 'शेरा' नावाचा रकाना होता. आजवर तो कधी भरावा लागला नव्हता. त्यांनी तो भरला, आणि जागा कमी पडली म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं.

नंतर मंडळी नाल्याच्या अंगाला पोचली. अकरा साग, कमरेएवढे, रोजच्या पाण्यावर टिकलेली सुपासारखी हिरवी पानं हलवत उभे होते. अध्यक्षांचा चेहरा उतरला.

"यांना काय झालंय?"

"कायले काय झालं साहेब?" धावजी पुढे आला.

"सगळं रोपवन शिस्तीत पानगळीला उभं आहे, मोहरलंय. यांना पानं कशी? फूल का नाही? कसला रोग आहे हा?"

"रोग नाही साहेब. जित्ते हायेत."

समितीच्या अनुभवात हे लक्षण नवीन होतं.

"बाकीच्यांना लागण होईल," अभ्यासू सदस्य म्हणाले.

"बाकीच्यायले होत नाही साहेब," धावजी म्हणाला. "लिहून देतो."

पण लिहून घ्यायचा रकाना तक्त्यात नव्हता. रोगट झाडं उद्याच्या उद्या उपटून जाळावीत, असं ठरलं. उरलेली दोन हजार चारशे एकोणनव्वद जिवंत धरण्यात आली. प्रमाण ९९.५६ टक्के.

"उपट भाऊ," समिती गेल्यावर इंद्रजित मान खाली घालून म्हणाला. "नाही तं तुह्यं अन् माह्यं दोघायचंही काम जाते. नवा राखणदार येईन, मंग पाणी कोन घालन?"

"कोनाले घालन?" धावजीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावजीने दहा उपटली. अकराव्यापाशी तो बराच वेळ उकिडवा बसला. मग त्याने त्याचं एकेक पान हाताने खुडलं. उशीतून आणलेला कापसाचा बोंडाएवढा पुंजका त्याने शेंड्याला बांधला.

"पानं तोडले तं मरन ना ते," हंसाबाई म्हणाली.

"मेल्यावानी राह्यलं, तंच जगन."

इंद्रजितने संध्याकाळी काड्या मोजल्या. दोनदा मोजल्या. "एक जास्त हाये भाऊ."

"झाली असन," धावजी म्हणाला. "जमीन चांगली हाये."

इंद्रजितने त्या काडीकडे पाहिलं आणि वही मिटली.

तेव्हापासून त्या सागाला पान फुटतं आणि धावजी ते खुडतो. पण झाडालाही दम असतो. मे उजाडेपर्यंत पालवी बोटाच्या पेराएवढीच यायला लागली. तेव्हा त्याने, झाडाला पानं राहू द्यावीत म्हणून, कार्यालयात अर्ज केला. तो परत आला: पाने असलेले झाड सदर ठिकाणी असल्याचा फोटो जोडावा. आता तसा फोटो धावजीकडे कुठून असणार? लागवडीच्या दिवशी तो रोपं वाहत होता. म्हणून त्याने दुसरा अर्ज केला. तो असा:

प्रति,
लागवडीच्या दिवशी रोप हातात धरून फोटो काढलेले सर्व मान्यवर.

विषय: सागाच्या एका झाडास पाने येऊ देणेबाबत.

महोदय, वरील विषयान्वये सादर करतो की, आपल्या फोटोतील रोपास पाने स्पष्ट दिसतात. सदर फोटो आपल्या मोबाइलमध्ये अद्याप असेलच. तरी आपण फोटोसह टेकडीवर समक्ष येऊन, हेच ते आपले झाड, असे ओळखून द्यावे. येताना सोबत एक कॅन पाणी आणावे, कारण नाला आटला आहे, ही नम्र विनंती.