वाल्मीकरावांच्या रेसरची ट्रायल

वाल्मीकराव रेसर सायकलला मडगार्ड लावणार, ही बातमी फुटली तेव्हा एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत निम्म्या लोकांना धक्का बसला आणि उरलेल्यांना रविवारचं काम मिळालं.

सायकल त्यांच्या लग्नाआधीची. वाकड्या हँडलची, बोटाएवढ्या बारीक टायरची. "रेसरला मडगार्ड म्हणजे पैलवानाला परकर," असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. (शर्यतीत ते एकदाच उतरले होते. तीत कितवे आले, हे विचारायची घरात पद्धत नव्हती.)

पण आता ती सायकल संध्यावहिनी चालवत होत्या. चाळिशीला टेकल्यावर त्यांना पलीकडच्या वस्तीतल्या बालवाडीत नोकरी लागली. वाल्मीकरावांनी ग्राउंडवर मागे पळत पळत त्यांना सायकल शिकवली, सीट खाली घेतली, खाली जाड स्प्रिंगा असलेली मऊ गादी बसवली. वहिनींनी आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस शिवला. सगळं झकास. फक्त त्या रस्त्याने डंपर राख सांडत जायचे, धूळ बसावी म्हणून सकाळ-संध्याकाळ टँकर पाणी मारायचा, आणि मागचं चाक तो करडा राडा वहिनींच्या कमरेपासून थेट अंबाड्यापर्यंत उडवायचं.

"आज पोरं म्हणाली, बाई, तुमच्या पाठीवर रस्ता आलाय," वहिनी हसत हसत सांगत होत्या. मग हसणं थांबलं. "मी आपली सोमवारपासून पायीच जाईन हो. या वयात कशाला ते सायकलीचं सोंग!"

(कॉलनीतल्या भिंती पातळ. मुद्दाम कुणी कान लावला नव्हता.)

ते 'सोंग' वाल्मीकरावांना फार लागलं. कारण ड्यूटीवरून आले की ते गॅलरीत उभे राहायचे, वळणावरून घंटी वाजवत येणारी बायको बघायला. कुणी विचारलंच तर म्हणायचे, कपडे वाळलेत का बघतोय.

रविवारी ते शहरातल्या द्वारका चौकातल्या सायकलच्या दुकानातून मडगार्डं घेऊन आले.

"दुकानातच बसवून घ्यायची ना," वहिनी म्हणाल्या.

"संध्या, मी एवढ्या मोठ्या टर्बाइनचं ओव्हरहॉल करतो. सायकल काय चीज आहे?"

चीज अवघड निघाली. रेसरच्या चाकात आणि फ्रेममध्ये जेमतेम पोस्टकार्ड जाईल एवढी फट. मडगार्ड अडकवायला भोकंसुद्धा नाहीत. वाल्मीकरावांनी सायकल उलटी करून वहिनींच्या चांगल्या चादरीवर उभी केली आणि पत्रा कापून, ट्यूबचे तुकडे घालून, तारा पिळून दुपारपर्यंत दोन्ही बसवली. मग प्लांटातल्या रिवाजाप्रमाणे उदबत्ती लावली, नारळ फोडला आणि पायडल फिरवलं. चाक सर्रर्र फिरलं.

"लय भारी, वाल्मीकराव!" शेजारचा शेखर खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला.

सायकल सुलट केली. मागचं मडगार्ड टायरवर येऊन बसलं. चाक गच्च.

पुन्हा उलटी केली. सर्रर्र. सुलट. गच्च.

"उलटी असली की झकास पळते," शेखर म्हणाला. "वहिनींनाच शिकवा थोडं शीर्षासन."

"तू खोबरं खा."

वाल्मीकराव इरेला पेटले. त्यांनी मडगार्डाला तार बांधली, ती वर ओढली आणि सीटखालच्या स्प्रिंगेला घट्ट पिळून टाकली. आता सुलट्या सायकलचंही चाक सर्रर्र. दुसरा नारळ नव्हता म्हणून लिंबू कापलं.

सोमवारी वहिनी सायकल हातात धरून निघाल्या. वळणाशी थांबून त्यांनी मागे बघितलं. गॅलरीतून वाल्मीकरावांनी हात हलवला. ओव्हरटाइम करून वाल्मीकराव उशिरा घरी आले तेव्हा वहिनी आधीच पोचलेल्या, आणि पाठीवर एक डाग नव्हता. मंगळवारीही नाही. बुधवारपर्यंत वाल्मीकरावांनी अख्ख्या शिफ्टला मडगार्डाचं तंत्र समजावून सांगितलं होतं.

गुरुवारी ओव्हरटाइम नव्हता; ते वेळेवर सुटून शेखरच्या स्कूटरवर मागे बसून येत होते. रस्त्याच्या कडेने संध्यावहिनी चालल्या होत्या. पायी. चपला राखेने भरलेल्या, आणि शेजारी हाताने धरलेली सायकल.

"पंक्चर?" वाल्मीकरावांनी उडी मारली.

"नाही हो." वहिनी अवघडल्या. "मी बसले की चाक अडतं. उतरले की सुटतं."

शेखरने स्कूटर बंद केली. "म्हणजे वाल्मीकराव, तुम्ही ट्रायल बिगर लोडची घेतली? टर्बाइनवाले तुम्ही!"

माणूस बसला की स्प्रिंगा दबणार, तार सैल पडणार आणि मडगार्ड टायरवर टेकणार, हे वाल्मीकरावांच्या डोक्यात आत्ता शिरलं.

"अगं, मग रोज कशाला ढकलत नेलीस? घरी ठेवायची!"

"घरी ठेवली असती तर तुम्हाला कळलं असतं ना," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही गॅलरीत एवढे हात हलवत होतात."

वाल्मीकराव सायकलीपाशी खाली बसले. तार स्प्रिंगेवरून सोडली आणि फ्रेमच्या नळीला पिळली. "बस," म्हणाले. वहिनी बसल्या. चाक फिरलं. घंटी वाजवत त्या निघाल्या आणि वाल्मीकराव मागून धावत सुटले, टिफिनची पिशवी काखेत मारून.

कॉलनीच्या गेटाशी वहिनी उतरल्या. पाठ कोरी करकरीत. वाल्मीकराव धापा टाकत पोचले आणि वॉचमनला ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी विचारलं, "आता कशी चालते?"

"आधीपण छानच चालत होती हो," वहिनी म्हणाल्या. "फक्त बसू देत नव्हती."