उदयसिंहमामांनी पाडलेला भाव

धैर्यशीलच्या कॉम्प्युटरला परवानगी मिळाली ती दोन अटींवर. एक, त्यात गेम असता कामा नये. दुसरी, सुभेदार मारुतराव रविवारी संध्याकाळी सरावावरून परत येतील तेव्हा तो टेबलावर चालू दिसला पाहिजे. नाही दिसला, तर सगळे पैसे आईच्या वॉशिंग मशीनला. एवढं सांगून मारुतराव ट्रकमध्ये चढले होते.

धैर्यशीलला कॉम्प्युटर फक्त गेमसाठी हवा होता. बाकी लोक तो कशाला घेतात, हे त्याला कोडंच होतं. प्रोसेसर स्वस्तातला, रॅम बेताची, असं करत करत त्याने सुटे भाग कागदावर जुळवले होते. अडलं होतं ते ग्राफिक कार्डावर. ते नसेल तर गेममधल्या मोटारी चौकोनी चाकांवर धावतात, असं गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला गेलेला त्याचा मित्र सांगायचा. गणिताचे ग्राफ काढायला ते कार्ड लागतं, असं धैर्यशीलने आईला पटवून पाहिलं.

"ग्राफ हाताने काढ," लताबाई म्हणाल्या. "आणि एकटा जायचं नाहीस. मामाला ने. भाव पाडण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या कोल्हापुरात कुणी नाही."

"पण मम्मी, मामांना हिंदी कुठे येते यार?"

"मेरेको सब आता है," पाहुणे म्हणून आलेले उदयसिंहमामा म्हणाले आणि बूट घालू लागले.

दिल्लीच्या नेहरू प्लेस या कॉम्प्युटर बाजारात चावलाचं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. धैर्यशीलने सगळे भाग निवडले, ते ज्यात बसवायचे ती कॅबिनेटही निवडली. "मामा, आता तुम्ही फक्त भाव पाडा," तो म्हणाला आणि वाचणाऱ्या पैशांत एखादं ग्राफिक कार्ड बसतं का, ते बघायला शेजारच्या दुकानांत सटकला.

मामांनी भाव पाडायला घेतला. चावला थोडा उतरला. मामा हलले नाहीत. चावला आणखी उतरला. मामांनी पान काढलं.

"अंकल, और क्या कम करूं?" चावला रडकुंडीला आला. "हां, खाली लोगे तो बहुत कम हो जाएगा."

मामांनी बंद लिफ्टकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे हा गडी खोकं दोन जिने उतरवून द्यायचे पैसे लावत होता!

"खाली लेगा!"

"बिल्कुल खाली?"

"एकदम खाली. रिक्षा तक."

रिक्षाचा संबंध चावलाला कळला नाही. "अंदर कुछ नहीं चाहिए?"

"अंदर-बिंदर कुछ नहीं. बोला ना, खाली!"

चावलाने नवा भाव सांगितला आणि मामा स्टुलावर बसले. असा भाव त्यांनी बैलबाजारातसुद्धा पाडला नव्हता. क्षणभर त्यांना चावलाच्या मुलाबाळांची काळजी वाटली.

धैर्यशील हात हलवत परतला, तेव्हा मामा कॅबिनेटचं आणि मॉनिटरचं खोकं घेऊन रिक्षात बसलेसुद्धा होते.

"मामा, हे इतकं हलकं कसं?"

"मी उचललं की सगळं हलकंच लागतं. भाव घरी सांगतो, इथं कुणाची नजर लागायची."

घरी वायरी जोडल्या, बटण दाबलं. कॅबिनेट गप्प. मॉनिटरवर मात्र ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी उमटली आणि या कडेवरून त्या कडेवर फिरू लागली. धैर्यशीलने कॅबिनेटचं दार उघडलं. आत स्क्रूची एक पुडी होती.

"मामा! हे खाली आहे!"

"खालीच आहे. मीच उतरवलं."

"हिंदीत खाली म्हणजे रिकामं, मामा!"

मामांनी कॅबिनेटमध्ये वाकून पाहिलं. "मग खालीला काय म्हणतात?"

"नीचे."

"तरीच! निघताना तो मला ‘नीचे संभलके’ म्हणाला. मी नीच ऐकलं आणि उलट दोन शिव्या हासडून आलो."

दुसऱ्या दिवशी रविवार, बाजार बंद. लताबाई न्हाणीघरात जाऊन वितीने वॉशिंग मशीनची जागा मोजू लागल्या.

संध्याकाळी मारुतराव आले तेव्हा दुसरं काही न सुचल्यामुळे धैर्यशीलने मॉनिटर तेवढा लावून ठेवला होता. मारुतराव बूट न काढता समोर उभे राहिले. पाटी फिरत होती.

"चालू आहे की! गेम नाही ना यात?"

"नाही पप्पा," धैर्यशील म्हणाला. आयुष्यात इतकं खरं तो कधी बोलला नव्हता. "यात काहीच नाही."

मारुतराव खुर्चीवर बसले. पाटी कोपऱ्याकडे निघाली होती. "लागणार," ते म्हणाले. पाटी केसाच्या अंतरावरून वळली. "हत्तेरेकी!"

"डावीकडनं येऊ दे तिला," मामा मागून म्हणाले. "डावीकडनं लागतीय बघा."

"काय लावता?"

"एक पान."

चहा गार झाला. न्हाणीघरातून लताबाई आल्या, क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वरच्या कोपऱ्यावर माझं एक पान." पाटी नेमकी कोपऱ्यात जाऊन बसली, तेव्हा मारुतरावांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या क्वार्टरमधले हवालदार धावत आले आणि तेही बसले.

रात्रीच्या जेवणाला मारुतरावांनी ताट तिथेच मागवलं. "चित्र जरा फिकं आहे," डोळे न हलवता ते म्हणाले. "आणि पाटी एकच. हे सुधारायला काही मिळतं का रे?"

धैर्यशील ताट बाजूला सारून पुढे सरकला. "ग्राफिक कार्ड मिळतं, पप्पा. पण त्याच्याबरोबर बाकीचेही थोडे भाग लागतात."

"मग उद्याच आण सगळे. आणि मामांना नेऊ नकोस, त्यांना इथेच बसू दे. त्यांच्यावर माझी तीन पानं निघतात."