सहकार्य करणारा विषाणू

पाणी शुद्ध आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ते ठरवायला एक खातं लागतं. ज्या खात्याची ही गोष्ट, त्याने हे काम इतक्या निष्ठेने केलं होतं की तिथल्या प्रयोगशाळेत पाणी कधी नापास झाल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. याचं सगळं श्रेय एका जिवाणूला. तो पाण्यात जिवंत सापडला तर पाणी वाईट, मेलेला असला तर चांगलं, असा नियम होता. आणि तो बिचारा क्लोरीनच्या नुसत्या वासाने मान टाकायचा. (खात्यात इतक्या तत्परतेने काम करणारा तो एकटाच.)

ही घडी प्रयोगशाळेतल्या बाईंनी विस्कटली. त्या प्रशिक्षणाला गेल्या आणि खात्याची परंपरा मोडून तिथे चक्क लक्ष देऊन बसल्या. येताना नवा साक्षीदार घेऊन आल्या: जिवाणूंवर जगणारा विषाणू. माणसाला तो काही करत नाही, पण माणसाला आजारी पाडणाऱ्या विषाणूंसारखाच क्लोरीनला पुरून उरतो. तो मेला तर तेही मेले, असं धरून चालता येतं. जिवंत राहिला तर बशीत वाढवलेल्या जिवाणूंच्या सायीला भोकं पाडतो, आणि ती चष्मा लावून मोजता येतात.

खात्याचं पाणी तपासलं, तर बाईंच्या बशीची चाळणी झाली.

त्याच आठवड्यात लेक तान्ह्या बाळाला घेऊन घरी आली होती. पावडरच्या दुधाची बाटली हातात धरून तिने विचारलं, "आई, नळाचं पाणी तसंच घालू ना? तुझीच तर सही असते त्याच्यावर."

"उकळून घे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. "साहेब, क्लोरीन टाकल्यावर पाणी टाकीत थोडा वेळ थांबायला हवं. आपली टाकी गाळाने भरलीय. पाणी आपलं तोंड दाखवतं आणि निघून जातं. टाकी उपसावी लागेल."

"टाकी उपसायची म्हणजे पाणी बंद. पाणी बंद म्हणजे मोर्चा," साहेब म्हणाले. "त्यापेक्षा विषाणू बदला. हा फारच हेकट दिसतोय."

समिती बसली. साक्षीदार नम्र असावा, त्याला खात्याच्या अडचणींची जाण असावी आणि शक्यतो तो तपासणीपूर्वीच मेलेला असावा (म्हणजे वेळ वाचतो), असं तिने एकमताने ठरवलं. शोधलं की सापडतं. एक विषाणू असा निघाला की त्याला खिडकीतलं ऊनही सोसेना. त्याची बाटली खिडकीतच ठेवावी, असा ठराव झाला. पहिल्याच महिन्यात शंभर टक्के यश. पुढच्या महिन्यात क्लोरीन संपलं होतं, तरी यश तेवढंच. त्यावरून साहेबांनी निष्कर्ष काढला की पाणी आता जात्याच शुद्ध झालं असून क्लोरीन इतकी वर्षं उगाच फुकट गेलं.

अहवालावर सही मात्र बाईंचीच लागायची. सही करण्याआधी त्यांनी एक खासगी तपासणी केली. चहाच्या वेळी एकेकाला सहज विचारलं, घरी पाणी उकळता का? कारकून उकळत होते. समिती उकळत होती. साहेबांकडे उकळून, गाळून, पुन्हा उकळायचे, आणि तेच थर्मासमधून ऑफिसात यायचं. न उकळणारा एकटा फाटकावरचा रखवालदार, आणि तो पोट धरून घरी पडला होता. फोनवर म्हणाला, "तुमची सही असते ना बाई, मग भ्यायचं कशाला?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सही केली नाही. फाटकावर स्वतःच्या हाताने पाटी लावली: पाणी उकळून प्या.

दुपारपर्यंत फाटकाशी हा एवढा घोळका जमला. बाईंना हायसं वाटलं. आता टाकी उपसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"ती पाटी आधी काढा," पुढे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या.

"अहो काकू, पाणी खरंच खराब आहे."

"ते आम्हाला काय ठाऊक नाही? आम्ही सगळे उकळूनच पितो. पण म्हणून असं चव्हाट्यावर लिहायचं? वरची खोली भाड्याने द्यायचीय मला. भाडेकरूने वाचलं म्हणजे?"

घोळक्याने माना डोलावल्या. लोकभावनेचा आदर राखून पाटी उतरवण्यात आली आणि बाईंना मीटर-दुरुस्तीत पाठवण्यात आलं. अहवालावर आता साहेब स्वतः सही करतात. रखवालदार बरा होऊन कामावर आला. हल्ली तोही उकळतो. त्यामुळे पाण्याने आजारी पडणाऱ्यांचं खात्यातलं प्रमाण शून्यावर आलं आहे, आणि त्याबद्दल नव्या विषाणूचं कौतुक चालू आहे.

वाचकहो, तुम्ही मघापासून एक कान स्वयंपाकघराकडे लावून वाचताय, हे दिसतंय आम्हाला. उठा, गॅस बंद करा, पाणी उकळलं. आणि भाडेकरूने विचारलंच तर सांगा, आम्हाला आपली उकळलेल्या पाण्याची चव आवडते.