पान सत्त्याण्णव ते एकशे अडतीस

मला कॉलेजला निघायला पाच मिनिटं उशीर झाला तर साऱ्या नांदेडात त्याचा त्रास एकाच माणसाला होतो, आणि तो माणूस म्हणजे आमचे प्राचार्य नव्हेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गफूरचाचांचं बाइंडिंगचं दुकान आहे. माझी स्कूटर दिसली की चाचा हातातला दाभण थांबवतात, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतात आणि रस्त्यावरच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "मास्तर, तिथं असते तर आज दंड बसला असता तुमाला!"

'तिथं' म्हणजे इटलीत. आठ-नऊशे वर्षांपूर्वी सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं एक सरकारी विद्यापीठ तिथं आहे. चाचांना त्याचं नाव नीट उच्चारता येत नाही, म्हणून ते फक्त 'तिथं' म्हणतात, आणि गल्लीत सगळ्यांना ते कळतं. तिथं म्हणे पोरं मास्तरांना कामावर ठेवत. मास्तर घंटेनंतर आला की दंड, घंटा झाल्यावर लांबण लावली की दंड, पुस्तकातला अवघड भाग गाळून पुढं पळाला तरी दंड. गावाबाहेर जायचं तर पोरांची परवानगी काढायची. मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवतो आणि अवघड भाग गाळूनच शिकवतो, त्यामुळं विषय इथवर आला की मी मुकाट्यानं गाडीला किक मारतो.

चाचा सत्तरीला आले. बोटांना वाळलेली खळ, चष्म्याच्या एका काडीला बाइंडिंगचाच दोरा. आजोबांनी निजामाच्या काळातली उर्दू दफ्तरं बांधली, वडिलांनी शाळांचे हजेरीपट बांधले, आणि चाचांच्या वाट्याला आले पीएचडीवाल्यांचे थीसिस. आता तेही आटलेत. सगळं कॉम्प्युटरवर जातं. दिवसाला एखादं गिऱ्हाईक आलं तरी चाचा उठून उभे राहतात, ते मला बघवत नाही. माझाही थीसिस त्यांनीच बांधला होता. तो घरात कपाटावर आहे. बांधून आणल्यापासून मी तो उघडलेला नाही, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

इटलीच्या बाबतीत चाचांचं ज्ञान दांडगं, पण ते नेमकं बेचाळीस पानांचं आहे. त्या पानांच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, याची त्यांना सुतराम कल्पना नाही. एकदा मी हौसेनं मोबाइलवर शोधून त्यांना वाचून दाखवलं. आता तिथं सरकारच्या पैशावर कारभार चालतो, रेक्टर असतो, सिनेट असतं, मंडळं असतात, ढीगभर विभाग आहेत, आजूबाजूच्या गावांत शाखा आहेत, आणि रेक्टरच्या निवडणुकीत प्राध्यापकांचं वजन.

चाचांचा चेहरा उतरला. "अन् पोरं?"

"पोरांचे चार प्रतिनिधी असतात की."

"म्हंजे आपल्यावाणीच झालं की वो ते!" थोडा वेळ त्यांनी खळ ढवळली आणि स्वतःलाच समजावलं. "जाऊ द्या. ते आपल्या पानांत न्हाई."

नांदेड-लातूरची हवाच अशी आहे की दहावी झालेलं पोर दिसलं की कुणीतरी त्याला क्लासला घालतं. आमच्या गल्लीत अशी डॉक्टर व्हायला आलेली पोरं खोली-खोलीत कोंबलेली आहेत. ती नोट्स बांधायला आली की चाचा विचारत, "तुमी मास्तरला ठिवलं, का मास्तरनं तुमाला?" एका वर्षी त्यांनी पोरांच्या मनात भरवूनच दिलं. तिथं परमुलखातनं आलेल्या पोरांनी आपापल्या मुलखाप्रमाणं जमाती केल्या आणि त्या सगळ्यांनी मिळून आपल्यातलाच एक रेक्टर निवडला. मग इथं लोह्याची एक जमात, उदगीरची एक, देगलूरची एक. रेक्टर झाला देगलूरचा एक किडकिडीत पोरगा. क्लासच्या सरांना दंड करायची त्याची काही छाती होईना, म्हणून त्यानं वरण पातळ केल्याबद्दल मेसवाल्याला दंड ठोठावला. मेसवाल्यानं दोन दिवस कुलूप लावलं. अख्खं इटली उपाशी पोटी चाचांच्या दारात येऊन बसलं आणि चाचींना चौदा जणांची खिचडी टाकावी लागली.

"लोगां सौतन लातें तो जीती-जागती लातें," चाची पातेलं आपटत म्हणाल्या. "इन्हों कागद की लाए!"

सगळे हसले. चाचाही हसले, पण त्यांचं हसणं ओठांपर्यंतच होतं. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद लागतो, तसा हा लागला असेल. खरं काय ते एका दुपारी लाइट गेली तेव्हा कळलं. गिऱ्हाईक नव्हतं, पंखा बंद, आणि चाचा आपणहून बोलायला लागले.

"मास्तर, बाइंडर पान वाचत न्हाई. पान मोजतो. तिथंच घात झाला."

बारा वर्षांपूर्वी एकाच दिवशी दोन थीसिस आले होते. एक सविता नावाच्या पोरीचा. शिरूर अनंतपाळकडची शेतकऱ्याची लेक, विष्णुपुरीच्या बाजूला होस्टेलात राहायची. विषय, इटलीतल्या त्या विद्यापीठाचा इतिहास आणि कारभार. दुसरा एका पोराचा, लोहा तालुक्यातल्या ज्वारीवरच्या खोडमाशीवर. टायपिंग एकाच दुकानातलं, कागद एकच, प्रत्येक प्रकरणाचा गठ्ठा वेगळा. आणि दोन्हींचं चौथं प्रकरण सत्त्याण्णवव्या पानावर सुरू होऊन एकशे अडतिसाव्या पानावर संपत होतं. चाचांनी आकडे जुळवले, शिवण घातली, प्रेसखाली दाबलं, वर सोनेरी अक्षरं उठवली. सविता दुपारी येऊन चार प्रती घेऊन गेली.

दोन दिवसांनी खोडमाशीवाला बोंबलत आला. "चाचा, माझ्या ज्वारीत हा रेक्टर कोण घुसवला?"

चाचांनी त्याच्या चारी प्रती उसवल्या, त्याचं प्रकरण नव्यानं छापून बसवून दिलं. त्यातनं सविताचं चौथं प्रकरण चार वेळा निघालं. ते पिशवीत घालून ते तसेच होस्टेलवर धावले. पोरगी खोली सोडून गेली होती. पत्ता कुणाकडं नव्हता, शिरूरकडच्या कुठल्या खेड्यातली हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पुढं सहा महिन्यांनी होस्टेलच्या वॉचमनबाईनं सांगितलं की तिची पीएचडी काही झाली नाही.

"इटलीत मधीच ज्वारी निघाली म्हणल्यावर कोण सायब पास करतंय?" चाचा म्हणाले. "चार-पाच साल रात्रंदिस लिव्हलं आसंल तिनं. म्या एका दुपारी मातीत घातलं."

चाचांचं शिक्षण सातवी, तेही उर्दूतून. मराठी अक्षरं त्यांना थीसिसच्या पाठीवर सोनं चढवता चढवता आलेली. तरी त्यांनी ती बेचाळीस पानं वाचायला घेतली. दिवसाला एक परिच्छेद, बोट ठेवून. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाले, "ज्याचं नुकसान केलं, ते व्हतं तरी काय, येवढं तरी म्हाईत पायजे का न्हाई?" तिच्या थीसिसला लावलेल्या लाल रेक्झिनचा एक तुकडा त्यांनी फळीवर वेगळा राखून ठेवला होता. तसं रेक्झिन आता मिळत नाही. सविता आली की दोन घंट्यांत चारी प्रती उसवून दुरुस्त करायच्या आणि तिची माफी मागायची, एवढंच त्यांचं या जगात शिल्लक काम होतं. मी त्या दुपारी कॉलेजला गेलोच नाही.

गेल्या मार्चमध्ये परीक्षेच्या ड्यूटीवर मी शिरूर अनंतपाळला होतो. चहाच्या वेळी तिथले एक मास्तर सहज म्हणाले, "आमच्या शेजारी एक बाई हाय, सविता म्हणून. लग्नाआधी नांदेडला पीएचडी करत होती. इटलीवर का कशावर." माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

वाटलं होतं, चाचा ऐकताक्षणी उठतील. ते उठले नाहीत. आज खळ बिघडली, उद्या चाचींचे गुडघे, परवा ऊन फार. पंधरा दिवस त्यांनी असे काढले. शेवटी मीच चिडून म्हणालो, "चाचा, तिथं असतात तर तुम्हालाच दंड बसला असता." तेव्हा कुठं त्यांनी पिशवी भरली. चार गठ्ठे, राखलेलं रेक्झिन, दाभण, दोरा, खळीचा डबा. दोनदा गाडी बदलून आम्ही दुपारी शिरूरला पोचलो. सगळा रस्ता चाचा ओठ हलवत माफी घोकत होते.

सविता अंगणात तुरी निवडत बसली होती. चाळिशीला टेकलेली, केसांत पांढरं डोकावलेलं. बाजेवर सासू. मी नांदेडचं नाव काढल्यावर तिनं चाचांकडं निरखून बघितलं.

"बाइंडिंगवाले चाचा का?"

चाचांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. ज्वारी, इटली, आकडे, घात. घोकलेलं सगळं उलटसुलट झालं. "माझ्या हातनं गुन्हा झाला, ताई. तुमचं पुस्तक माझ्यामुळं फेल झालं."

तिनं सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "चाचा, मी ते जमाच केलं न्हाई."

तुमच्या दुकानातनं पुस्तकं घेऊन होस्टेलवर गेले, ती सांगत होती, तर दारात मामा उभे. सोयरीक जमली होती. आठवड्यात लग्न. नंतर जमा करू म्हणाले सगळे. "चारी पुस्तकं ट्रंकेत हायत. वर गोधड्या."

"उघडून बघितलं न्हाई?"

"कशाला बघू?"

चाचांनी पिशवीतला दाभण काढला. "मग आणा न ती. बसल्या बसल्या करून देतो."

"राहू द्या, चाचा. आता कुणाला दाखवायचंय."

चाचा दाभण हातात धरून बसून राहिले. सासूनं पाणी दिलं, उन्हाची चौकशी केली. तुरी निवडण्याचा आवाज तेवढा येत होता. मग चाचा एकदम, कसलंही निमित्त नसताना म्हणाले, "तिथं म्हणं मास्तर लोक आपल्यातला एक रेक्टर निवडायचे. अन् पोरं त्याच्या म्होरं मान खाली घालून."

मी चमकून त्यांच्याकडं बघितलं. चाचा या गोष्टीत झोपेतसुद्धा चुकले नसते.

सविताचा हात सुपातच थांबला. "न्हाई, चाचा. उलटं हाय ते. पोरं निवडायची."

"अस्सं? म्या तर मास्तर वाचलं."

"चुकीचं वाचलं मग." तिनं सूप बाजूला सारलं. पदराला हात पुसले आणि मांडी बदलून नीट बसली. मास्तर त्या गावचे रहिवासी, पोरं परकी. परक्याला तिथं कायद्याचा आधार नव्हता, म्हणून पोरं एकत्र आली. पदवी द्यायची परीक्षा मात्र मास्तरांच्या संघाच्या हातात राहिली, हे लोक विसरतात. ती बोलत गेली. बोलता बोलता तिची भाषा बदलली, वाक्यं लांब झाली, आवाज अंगणाच्या बाहेर जायला लागला. "पुढं नगराच्या कारभाऱ्यांनी मास्तरांचे पगार स्वतः द्यायला सुरुवात केली, आणि पोरांची सत्ता हळूहळू गेली. पण तोवर सगळं नगर पोरांना वचकून होतं. कारण पोरांकडं एक फार मोठं हत्यार होतं."

"कंचं?" चाचांनी विचारलं.

"निघून जाणं. पटलं नाही की सगळे मिळून दुसऱ्या गावाला निघून जायचे."

एवढं बोलून ती थांबली. पुढचं वाक्य तिच्या तोंडाशी आलेलं मला दिसत होतं. पण ते आलं नाही.

"सविता," सासू बाजेवरून म्हणाली, वाईट बोलली नाही, नेहमीसारखंच, "गिरणी बंद हुईल न गं."

ती उठली. चाचांनी गठ्ठा पुढं केला. तिनं पहिलं पान उघडलं, दोन ओळी वाचल्या, पानावरनं हात फिरवला आणि परत दिला. "तुमच्यापाशीच ठिवा, चाचा. इथं ट्रंकेत गेलं की गेलं." मग दळणाचा डबा डोक्यावर घेऊन ती आमच्याबरोबर वळणापर्यंत आली आणि गिरणीकडं गेली.

परतीच्या गाडीत चाचा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. अहमदपूर गेलं तरी ती त्यांनी खाली ठेवली नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलंय, जरा बरं वाटत असेल. तसं मी बोलूनही दाखवलं. "चाचा, तुमच्यामुळं काही झालं नाही. उगाच बारा वर्षं जीव जाळलात. आता तरी सुखानं झोपा."

चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"माझी चूक आसती तर लई बरं झालं आसतं, मास्तर," ते म्हणाले. "चुकीचं पान काढून दुसरं घालता येतं."