त्रिकोणातलं हरवलेलं एक फूट

माझी नजर घारीची, बुद्धी तल्लख आणि नम्रता तर इतकी, की या शहरातला एकमेव खराखुरा गुप्तहेर मीच आहे हे विचारल्याशिवाय मी कुणाला सांगत नाही. सहसा कुणी विचारत नाही.

त्या सकाळी ताईनं हाक मारली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिकोनी फळी बसवायची होती. तिच्या चौकटीच्या तीन पट्ट्या सुतारानं कापून आणल्या होत्या: दोन फूट, तीन फूट आणि सहा फूट. सहाच्या पट्टीच्या दोन टोकांना बाकीच्या दोन लावल्या, तर त्यांची तोंडं काही केल्या जुळेनात. मध्ये बरोब्बर एक फूट रिकामं.

"एक फूट लाकूड ढापलंत तुम्ही," ताई सुताराला म्हणाली. "आजपासून तुमचं काम बंद."

वीस वर्षं आमची दारं-खिडक्या करणाऱ्या सुताराचा चेहरा पडला. "चिठ्ठीत होतं तेच कापलं, ताई. मापात मी अक्कल चालवत नाही."

"गुन्हेगार असंच म्हणतो," मी बजावलं आणि त्याच्या पिशवीची झडती घेतली. आत रंधा आणि अर्धी पेन्सिल. म्हणजे माल आधीच पसार! मग वाळवीवर संशय आला, पण वाळवी मोजून खात नाही. लाकूड आकसलं असेल म्हणून मी पट्ट्यांवर पाणी ओतलं. लाकूड तेवढंच राहिलं, फरशी ओली झाली.

आई घसरता घसरता वाचली. तिनं खुर्ची ओढली आणि काठीनं पट्ट्या दाखवल्या. "दोनची आणि तीनची टोकं जोड. आता उघड. समोरची बाजू जेवढी मोठी हवी, तेवढा हा कोन उघडावा लागतो. अजून उघड." कोन पार सपाट झाला. "तरी पाचच फूट. सहाला पुरणार कसे? दोन लहान मिळून मोठीपेक्षा जास्त भरल्या, तरच त्रिकोण होतो. मापं घेतली कुणी?"

ताईनं चिठ्ठी उलगडली. अक्षर माझं होतं. तिसरी बाजू मोजायला फ्रिज हलवावा लागला असता, म्हणून मी दोन आणि तीनची बेरीज केली आणि कमी पडायला नको म्हणून एक फूट वर धरलं होतं.

सुतारानं फ्रिज सरकवून टेप लावली. तीन फूट सात इंच.

"चुकलं माझं, दादा," ताई म्हणाली. "कपाटही तुम्हीच करा."

मी वहीत नोंद केली: लाकूड हरवलंच नव्हतं. सुतार निर्दोष. दुसऱ्या संशयिताची चौकशी, तो जवळचा नातेवाईक असल्यामुळे, थांबवली.

"वही ठेव," आई म्हणाली. "आधी त्यांची माफी माग, मग फरशी पूस."

दोन्ही केलं. माफी मागताना घारीची नजर फरशीवरच होती.