कातळमाळची सात उड्डाणं

एका जंगलात जंगल फार होतं आणि प्राणी थोडे होते. बालमित्रांनो, तुम्हाला हे विचित्र वाटेल, कारण तुमच्याकडे नेमकं उलट आहे.

जंगलाच्या मधोमध एक वड होता. राजा, दरबार, वैद्य, बाजार, सगळं त्या वडाखाली होतं. जंगलाच्या पश्चिम टोकाला कातळमाळ होता. तिथे सतरा प्राणी होते. मध्ये आठ दिवसांची पायवाट होती. वाटेवर कोणी राहत नसे, म्हणून ती कोणी दुरुस्तही करत नसे.

कातळमाळावर सोनकी नावाची एक सशीण राहत होती. सशांचे दात जन्मभर वाढत राहतात, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेलच. ते झिजायला काहीतरी कठीण चावावं लागतं. कातळमाळावर झाड नव्हतं. कोवळी लव तेवढी उगवे. त्यामुळे सोनकीला दर पौर्णिमेला वडाखालच्या साळिंदर वैद्याकडे जाऊन दात कानशीने घासून घ्यावे लागत. दोन पौर्णिमा चुकल्या की तोंड मिटत नसे. तीन चुकल्या की खाता येत नसे. पुढचं तुम्ही हुशार आहात, ओळखाल.

नेण्याआणण्याचं काम लांबोजी करकोचा करत असे. पाठीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि चाळीस बोरं द्यायची. त्या जंगलात बोरं हेच चलन होतं. बोरं चार दिवसांत नासतात, त्यामुळे तिथे कोणाला फार श्रीमंत होता येत नसे. लांबोजी स्वतः बोरं खात नसे. पण धंद्यात आवडीनिवडी चालत नाहीत.

"लांबोजीशेठ, चाळीस फार होतात हो," सोनकी म्हणे.

"मग दुसऱ्याने जा," लांबोजी म्हणे. दुसरा कोणी नव्हता. "मला काय परवडतं ते मला विचारा. एवढं मोठं जंगल आणि गिऱ्हाइकं सतरा. त्यातलं एक कासव. ते म्हणतं, मला घाई नाही."

ही कुरकुर सिंहमहाराजांच्या कानावर गेली. महाराजांनी फर्मान काढलं, आकाश सर्वांना खुलं आहे. आकाश आधीही खुलंच होतं. पण आता ते कागदावर आलं.

दुसऱ्याच दिवशी चंदाबाई घार कातळमाळावर हजर झाली. चंदाबाई पूर्वी ससे खात असे. आता ती त्यांना गिऱ्हाईक म्हणू लागली.

"मावशी, दहा बोरांत नेते."

"आणि वाटेत?"

"वाटेत काय?"

"वाटेत तुला भूक लागली तर?"

"मावशी, मी आता व्यवसायात आहे," चंदाबाई दुखावून म्हणाली.

लांबोजीने दर आठ बोरं केला. चंदाबाईने पाच केला. असं करता करता दर एका बोरावर आला. कातळमाळावरचा बेडूक रोज सकाळी वडापर्यंत जाई आणि नुसता ओरडून संध्याकाळी परत येई. सोनकीने तर पौर्णिमेची वाट न बघता अमावास्येलाही दात घासून घेतले. लांबोजीने मग कान हे सामान ठरवलं आणि कानांची तीन बोरं वेगळी लावली. चंदाबाईनेही लावली. बेडकाला कान दिसत नव्हते, म्हणून त्याला सवलत मिळाली.

दोघं रोज सूर्योदयाला, एकाच खडकावरून, एकाच वेळी निघत. दोघांच्याही पाठी अर्ध्या रिकाम्या असत. दुपारी मात्र कोणी नसे.

"दुपारी निघून बघ की," कासवाने लांबोजीला सुचवलं.

"दुपारी ती नसते. मग स्पर्धा कोणाशी करू?" लांबोजी म्हणाला.

दोन महिन्यांत लांबोजीचे पाय होते त्याहून बारीक झाले. चंदाबाई उडता उडता मान वळवून गिऱ्हाइकाकडे जुन्या नजरेने पाहू लागली. शेवटी दोघं एकाच फांदीवर बसून महाराजांसमोर रडले.

"महाराज, कातळमाळला जाणं परवडत नाही."

"मग जाऊ नका," महाराज म्हणाले.

"आम्ही नाही गेलो, तर आकाश खुलं करून काय मिळालं असं प्रजा विचारील," चंदाबाई म्हणाली.

महाराज गंभीर झाले. त्यांनी भाऊसाहेबांना बोलावलं. भाऊसाहेब म्हणजे दरबारचा वानर कारकून. पंचवीस वर्षं एकाच फांदीवर बसून त्याचं अक्षर सुंदर झालं होतं. त्याने हुकूम लिहिला: "कातळमाळकरिता होणाऱ्या प्रत्येक उड्डाणास खजिन्यातून शंभर बोरे द्यावीत."

बालमित्रांनो, हुकुमातला शब्द नीट बघा. उड्डाण.

चंदाबाईने नीट बघितला. दुसऱ्या दिवशी ती वडावरून पश्चिमेकडे तोंड करून उडाली, वडाभोवती एक चक्कर मारली आणि त्याच फांदीवर येऊन बसली.

"झालं कातळमाळकरिता उड्डाण," ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी हुकूम दोनदा वाचला. उड्डाण झालं होतं. उतरण्याबद्दल हुकुमात काही नव्हतं. त्यांनी शंभर बोरं मोजून दिली. लांबोजी जुन्या वळणाचा होता. तो पहिले काही दिवस दोन चकरा मारत असे.

थोड्याच दिवसांत कातळमाळची रोज सात उड्डाणं होऊ लागली. दरबारात तक्ता लागला. महाराजांनी तक्त्यासमोर उभं राहून आपलं चित्र काढून घेतलं.

कातळमाळावर एकही पक्षी आला नाही.

एक पौर्णिमा गेली. दुसरी गेली. सोनकीचं तोंड मिटेना. तिसरीला बारा दिवस राहिले, तेव्हा ती चालत निघाली.

"थांब, मी गेल्या चैत्रातच निघालोय. बरोबर जाऊ," कासव म्हणालं.

सोनकी थांबली नाही. पुढे आलेल्या दातांना गवत सापडेना. वाटेवरच्या खैराची आणि बाभळीची साल तेवढी दातांना लागे. मग तीच ती कुरतडू लागली. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपण मरणार. तिसऱ्या दिवशी ती रडली. सहाव्या दिवशी तिचं तोंड मिटलं. पण तेव्हा ती इतकी चिडली होती, की तिच्या ते लक्षात आलं नाही.

आठव्या दिवशी ती थेट भाऊसाहेबांच्या फांदीखाली उभी राहिली.

"भाऊसाहेब, दोन महिने कातळमाळला पक्षी नाही."

"असं कसं? आज सकाळपासून सात उड्डाणं झाली. ही बघा सही."

"उडतात हो. येत नाहीत."

"येण्याचा हुकूम वेगळा काढावा लागतो, बाई. तुमचं नुकसान काय झालं ते सांगा."

"माझे दात वाढले! मरायला टेकले मी!"

"दाखवा."

सोनकीने तोंड उघडलं. भाऊसाहेबांनी वाकून बघितलं आणि शेजारच्या साळिंदर वैद्याला हाक मारली. वैद्याने बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"इतके सफाईदार दात मी कधी कोणाचे घासून दिले नाहीत," तो म्हणाला. "खरं सांग, कुठल्या वैद्याकडे गेली होतीस?"

सोनकीने जिभेने दात चाचपले. तिचा पुरावा वाटेत झिजला होता.

भाऊसाहेबांनी सुंदर अक्षरात शेरा मारला: "अर्जदाराचे दात सुस्थितीत. तक्रारीत तथ्य नाही." मग थोडा विचार करून पुढे लिहिलं: "योजनेच्या काळात अर्जदाराच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा. अनुदान दुप्पट करावे."

"मग आता परत कशी जाऊ?" सोनकीने विचारलं.

"हे काय, आठवं उड्डाण निघतंच आहे."

"या मावशी, बसा," चंदाबाई म्हणाली. सोनकी बसली. चंदाबाई पश्चिमेकडे तोंड करून उडाली, वडाला चक्कर मारून खाली आली आणि म्हणाली, "उतरा."

"हा कातळमाळ नाही."

"उड्डाण झालं की नाही? मग. भाडं माफ आहे. कानांची तीन बोरं द्या."

सोनकीने वाटेत वेचलेली तीन बोरं दिली आणि ती पश्चिमेला चालू लागली. आठव्या दिवशी कातळमाळाच्या उतारावर तिला कासव भेटलं.

"पक्षी मिळाला का?" कासवाने विचारलं.

"मिळाला."

"कसा झाला प्रवास?"

"लवकर संपला," सोनकी म्हणाली आणि बरोबर आणलेली खैराची साल चावत पुढे गेली.

तात्पर्य: दुर्गम भागातल्या रहिवाशांची प्रकृती सुधारायची असेल तर हवाई सेवेला सढळ हाताने अनुदान द्यावं. ती सेवा त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, एवढीच काळजी घ्यावी.